ओढ्याकाठची शिंदी राहू द्या



ओढ्याकाठची शिंदी जेसीबी लावून उपटायची आणि तिथे उसाच्या दोन सऱ्या वाढवायच्या, हे हल्ली आपल्या शिवारात सर्रास चालले आहे. आम्हांला हे पटत नाही.

शिंदी ही वाळवंटातल्या खजुराची सख्खी बहीण. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. उभा ऊस वाळत होता, तेव्हा शिंदी हिरवीच होती. तिची पहाटेची नीरा वेळेत आटवली तर गूळ होतो, तोही पाण्याची एक पाळी न देता! (ऊन चढले की आंबते, हे सांगायला नकोच.)

१९४७ च्या लढ्यात मराठवाड्यात सत्याग्रहींनी शिंदी तोडली, ती निजामाचा अबकारी महसूल बुडवायला. आज कोणाचा महसूल बुडवायचा आहे?

लक्ष्मीपूजनाला आपण जिला हळदकुंकू वाहतो, ती केरसुणी शिंदीच्याच पानांची. फडे बांधून पोट भरणारी माणसे आपल्याच गावची. पानेच नसतील तर त्यांनी बांधायचे काय? तेव्हा ओढ्याची कड सोडा, पाने काढायला कोणी आले तर अडवू नका. आणि त्या दोन सऱ्यांचा ऊस किती भरतो, ते एकदा काट्यावर पाहाच.