तेलाचे भाव उतरले, देणगीदारांचे वजन नव्हे

खनिज तेलाचे भाव कोसळले, की तेलावर गब्बर झालेल्या धनिकांची राजकारणावरील पकडही सैल होते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा अनुभव मात्र या समजाला छेद देणारा आहे.

जून २०१४ मध्ये ब्रेंट तेलाचा भाव पिंपामागे ११० डॉलरच्या वर होता. २७ नोव्हेंबर रोजी व्हिएन्ना येथे ‘ओपेक’ने उत्पादन न घटविण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये भाव ३० डॉलरच्याही खाली गेला. टेक्सास, ओक्लाहोमा, नॉर्थ डाकोटा या राज्यांत हजारो कामगारांचा रोजगार बुडाला. कर्जबाजारी कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. नेमका हाच काळ रिपब्लिकन पक्षातील उमेदवारीच्या लढतीचा होता.

उमेदवाराला थेट देणगी देण्यावर तेव्हा प्रत्येक लढतीमागे २,७०० डॉलरची मर्यादा होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर ‘सुपर पॅक’ उदयाला आले. उमेदवारापासून स्वतंत्र म्हणविणाऱ्या या समित्यांना कितीही रक्कम देता येते.

टेक्सासच्या विल्क्स कुटुंबाने २०१५ मध्ये, म्हणजे ऐन मंदीत, टेड क्रूझ यांच्या समर्थक समितीला दीड कोटी डॉलर दिले. त्यांना हे शक्य झाले, कारण ‘फ्रॅक टेक’ ही आपली कंपनी त्यांनी २०११ मध्येच, तेजीच्या काळात विकली होती. याउलट हॅरोल्ड हॅम यांची संपत्ती मुख्यतः स्वतःच्या ‘कॉन्टिनेंटल रिसोर्सेस’च्या समभागांत अडकलेली होती. भाव सावरतील या अपेक्षेने कंपनीने २०१४ च्या अखेरीस भावसंरक्षणाचे करार मोडून टाकले. भाव मात्र आणखी घसरले.

म्हणजेच मंदीने सर्वांना सारखे गाठले नाही. कर्ज काढून विहिरी खोदणाऱ्या मध्यम उत्पादकांचा हात आखडणे स्वाभाविक होते. रोकड राखून असलेल्या मूठभरांचे महत्त्व त्यामुळे उलट वाढते. देणगीदार जितके कमी, तितके उमेदवाराचे त्यांच्यावरील अवलंबित्व अधिक.

पैशाने विजय विकत मिळतोच असे नाही. पाइपलाइन उद्योजक केल्सी वॉरन यांनी रिक पेरी यांच्यासाठी सुमारे ६० लाख डॉलर दिले. पेरी सप्टेंबर २०१५ मध्येच शर्यतीतून बाहेर पडले. मे २०१६ मध्ये क्रूझ यांनीही माघार घेतली. तथापि प्रभाव मतपेटीपुरता मर्यादित नसतो. हॅम यांनी ट्रम्प यांची बाजू घेतली व जुलै २०१६ च्या पक्ष-अधिवेशनात त्यांना व्यासपीठ मिळाले. पेरी २०१७ मध्ये ऊर्जामंत्री झाले.

मंदीत उद्योगाला सरकारची गरजही अधिक भासते. कच्च्या तेलाच्या निर्यातीवरील चार दशकांची बंदी उठली ती डिसेंबर २०१५ मध्ये, भाव तळाकडे जात असताना. एप्रिल २०२० मध्ये महासाथीने मागणी आटली, तेव्हा तेल कंपन्यांचे प्रमुख व्हाइट हाउसमध्ये चर्चेला बसले होते.

तेव्हा लोकशाहीपुढील प्रश्न तेलाच्या भावाचा नाही. बाजार कधी चढेल, कधी उतरेल. देणगीवर मर्यादा नसेल, तर अध्यक्षपदाचा उमेदवार मतदारांपुढे येण्याआधी कोणापुढे उभा राहतो, हे मोजक्या तिजोऱ्याच ठरवत राहतील.