टाकी साफ होते. आत उतरणाऱ्या माणसाचे काय?

पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की मोहने, आंबिवली, शहाड या पट्ट्यातल्या लोकांचे डोळे पाण्याच्या पातळीकडे लागतात. २६ जुलै २००५ चा पूर इथे कोणी विसरलेले नाही. जुलै २०१९ मध्ये याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पुराचे पाणी घरात किंवा दुकानात शिरले की लगेच दिसते. जमिनीखालच्या इंधनाच्या टाकीत शिरलेले पाणी मात्र दिसत नाही. ते कळते, तेव्हा कुणाची तरी गाडी रस्त्यात बंद पडलेली असते.

जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ गाड्या डिझेल भरल्यानंतर एकामागोमाग एक बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघाले आणि पंपाला सील ठोकले गेले. बातमी देशभर गाजली, कारण गाड्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या होत्या. चर्चा झाली ती भेसळ, इंजिन आणि ग्राहकाच्या नुकसानीची. अशी टाकी पुढे साफ कोण करतो, कशी करतो आणि त्या कामात त्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

पाणी टाकीत शिरण्याच्या वाटा साध्या आहेत. भरण नळीचे झाकण सैल असते, मॅनहोलच्या चेंबरमध्ये पाणी साचते, जुन्या टाकीचा पत्रा गंजून भोक पडते. शिवाय टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या दमट हवेतली वाफ थंड पत्र्यावर थेंबाथेंबाने जमते. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणूनच पंपावर डीप रॉडला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकी मोजतात; पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो.

पेट्रोलच्या बाबतीत आता एक भर पडली आहे. २०२५ पासून देशात सर्वत्र २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेते. थोडे पाणी त्यात मुरते आणि कळतही नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी उतरतो आणि वर इथेनॉल गमावलेले, कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते. हे दोन थर ढवळून पुन्हा एक होत नाहीत. म्हणजे पूर्वी जे थोडे पाणी तळातून उपसून टाकता येत होते, तेच आता सगळा साठा बिघडवू शकते.

डिझेलची तऱ्हा वेगळी आहे. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात, त्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ फिल्टर तुंबवतो आणि त्यांच्या आम्लामुळे पत्रा गंजतो. काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही तयार करतात. महिनोन्महिने न हललेल्या डिझेलमध्ये हे जास्त घडते. असे डिझेल असते ते रुग्णालयांच्या आणि मोठ्या गृहसंकुलांच्या जनरेटरच्या टाक्यांत. पुरात वीज जाते, जनरेटर सुरू होतो आणि तळाचा गाळ ढवळला जाऊन दहा मिनिटांत बंद पडतो. अतिदक्षता विभागात त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको. टाकी वेळच्या वेळी साफ झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो पद्धतीबद्दल.

अजूनही अनेकदा टाकी साफ करणे म्हणजे इंधन उपसायचे, मॅनहोल उघडायचे आणि एका हेल्परला फडकी आणि बादली देऊन आत उतरवायचे. टाकी ‘रिकामी’ आहे, मग भीती कसली, असा समज असतो. पण इंधनाची टाकी उपसली म्हणून रिकामी होत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती मॅनहोलमधून आपोआप वर निघून जात नाही, तळाशी साठून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. उपसलेल्या टाकीत ती भरपूर असते.

माणसाच्या शरीरात काय घडते, हे नीट समजून घ्यायला हवे. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात. १६ टक्क्यांच्या आसपास निर्णयशक्ती ढळते, १० च्या सुमारास शुद्ध हरपते आणि ६ च्या खाली काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गुदमरल्यासारखे वाटतच नाही. आपल्याला जीव घुसमटल्याची जाणीव होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. टाकीत श्वास चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे शरीर धोक्याची घंटा वाजवत नाही. प्राणवायू फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. ‘जरा त्रास वाटला तर वर येईन’ हा हिशेब तिथे चालत नाही.

इंधनाची वाफ स्वतःही विषारी आहे. ती मेंदूला भुलीसारखी गुंगी आणते. हृदयाला ती अशी संवेदनशील करते की घाबरल्यामुळे वा श्रमामुळे वाढलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनने ठोके अचानक बिघडू शकतात. पेट्रोलमधील बेन्झीनचे प्रमाण भारतात एक टक्क्यापर्यंत मर्यादित केले आहे, पण वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्याच्या अस्थिमज्जेला तेही घातक आहे. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणारा माणूस त्याच क्षणी सर्वाधिक धोक्यात असतो.

कल्याणकरांनी हे मरण जवळून पाहिले आहे. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेतील नेतिवली येथे विहीर साफ करण्यासाठी एक जण उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दोघे गेले, तेही आतच राहिले. मग अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले आणि त्यांचाही जीव गेला. एकूण पाच मृत्यू. ती विहीर होती, इंधनाची टाकी नव्हती. पण बंदिस्त जागेतल्या मरणाची रीत तीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने १९८६ मध्येच बजावले होते की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. आत पडलेला माणूस दिसत असतो, तो आपल्या ओळखीचा असतो, भाऊ किंवा सहकारी असतो. अशा वेळी थांबणे अवघड असते, आणि तेच शिकवावे लागते.

सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे. पहिला नियम असा, की माणसाला आत पाठवायची गरज नसेल तर पाठवूच नये. तळापर्यंत नळी सोडून पाणी आणि गाळ शोषून घेता येतो, बाहेरून दाबाच्या फवाऱ्याने भिंती धुता येतात, कॅमेऱ्याने आतला भाग पाहता येतो. नळी, पंप आणि वाहन यांना अर्थिंग करावे लागते, कारण वाहत्या इंधनातून स्थिर वीज तयार होते. डिझेलमध्ये फक्त पाणी आणि गाळ असेल तर ते फिल्टर आणि पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरवून, तपासणी करून वापरात आणता येते. थर फुटलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल मात्र पंपावर दुरुस्त होत नाही. ते तेल कंपनीकडेच परत गेले पाहिजे.

उतरणे टळतच नसेल, तर टाकीला जोडलेल्या सगळ्या नळ्या आधी बंद करून वेगळ्या कराव्यात, ठिणगी न उडवणाऱ्या पंख्याने आत सतत ताजी हवा सोडावी आणि वर, मध्ये, तळाशी अशा तिन्ही ठिकाणी वायुमापकाने हवा तपासावी. येथे एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पेट किमान १.४ टक्क्याला घेतला जात असेल, तर त्याच्या दहा टक्के, म्हणजे ०.१४ टक्के वाफ आगीच्या दृष्टीने सहसा चालण्यासारखी मानतात. पण ०.१४ टक्के म्हणजे दशलक्षात १४०० भाग. पूर्ण पाळीभर श्वासात जाऊ शकणाऱ्या पेट्रोलच्या वाफेची मान्य मर्यादा ३०० भाग आहे. म्हणजे ‘आग लागणार नाही’ असे मापक सांगत असताना फुफ्फुसात मर्यादेच्या चौपटीहून अधिक वाफ जात असते. प्राणवायूचा आकडाही २० च्या वरच दिसतो, कारण एक टक्का वाफेने प्राणवायू जेमतेम ०.२ टक्क्याने घटतो. म्हणून आत जाणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच करत नाही, आणि साधा गाळणीचा मास्क प्राणवायू तयार करत नाही. कमरेला नव्हे तर अंगभर पट्टा, वर तिपाई आणि दोर, आणि मॅनहोलपाशी नजर न हटवणारा एक माणूस हवा. कोणी कोसळले तर त्याने आत न उतरता दोराने ओढायचे, हवा सोडायची आणि १०१ व १०८ ला फोन करायचा.

यातले बरेचसे कायद्यात जुने आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये वायू साठलेल्या बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र किंवा श्वसनयंत्र, पट्टा आणि दोर यांची अट होती. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. इंधनसाठ्याचे परवाने नागपुरात मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना देते. पण कारखान्यात अधिकारी असतो, नोंदवही असते. पंप किंवा गृहसंकुलाच्या टाकीचे काम मात्र सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला जाते आणि त्या कमी दरात सहसा वायुमापक व पंखा बसत नाही.

उरतो गाळाचा प्रश्न. २०१६ च्या घातक कचरा नियमांत इंधनटाकीच्या सफाईतला तेलकट गाळ आणि धुवणपाणी घातक कचऱ्यात मोडते. ठाणे परिसरासाठी असा कचरा तळोजा येथील प्रक्रिया केंद्रात जाऊ शकतो आणि त्याची पावती मिळते. ती नसेल, तर गाळ कुठल्या तरी नाल्यात गेला असे समजावे. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले तेव्हा उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वसनाचा त्रास झाला होता. वालधुनी पुढे उल्हास नदीच्या खोऱ्यातच मिसळते आणि मोहन्याजवळच्या उल्हासच्या पात्रातूनच कल्याण-डोंबिवलीला पिण्याचे पाणी उचलले जाते.

म्हणून ज्या गृहसंकुलात, रुग्णालयात किंवा कार्यालयात जनरेटरची टाकी आहे, तिथे ठेकेदाराचे दरपत्रक पाहण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: माणूस आत उतरणार आहे का? उतरणार असेल तर हवा कोण मोजणार, आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा कुठे आहे? तो कोसळला तर त्याला वर कसे काढणार? आणि गाळ कुठे जाणार? या चारांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर ते काम थांबवण्याचा अधिकार समितीला आहे आणि तो वापरला पाहिजे. पुढच्या पावसाआधी टाक्या साफ व्हायच्याच आहेत. त्या कामावर येणारा हेल्पर संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला, तरच ते काम नीट झाले असे म्हणता येईल.