चढाला सायकल ढकलली तरी चालेल

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,

आपल्या जिल्ह्यात रस्त्यांचे एक मोठे कडे आहे. आदिलाबादहून गुडीहत्नूर, तिथून डावीकडे वळून इंद्रवेल्ली आणि उटनूर, पुढे जंगलातून खानापूर, मग निर्मल, आणि महामार्गाने नेरडिगोंडा, इच्चोडा करीत परत घरी. ही सुमारे दोनशे किलोमीटरची फेरी सातमाळा डोंगररांग दोनदा ओलांडते. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले, त्यामुळे खानापूर आणि निर्मल कागदोपत्री आता निर्मल जिल्ह्यात गेले. डोंगर मात्र जिथल्या तिथेच आहेत. बसच्या खिडकीतून हा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. सायकलवरून पाहिलेले फार थोडे.

माझे स्पष्ट मत आहे की शाळेने नववीच्या मुलामुलींना या कड्याचा एक तुकडा दरवर्षी सायकलवरून दाखवावा. संपूर्ण फेरी मुलांसाठी नाही. जगभर दोनशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ सायकल-फेऱ्या होतात. त्यांत साडेतेरा तासांची मुदत असते आणि पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. पण ते प्रौढ, सराव असलेल्यांचे काम आहे. मुलांना गुडीहत्नूर ते इंद्रवेल्ली, तिथून केसलापूर आणि परत, एवढे पुष्कळ झाले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत डोंगराचा चढ आणि शत्रूवरचा हल्ला, दोन्हींना ‘चढाई’च म्हणतात. मराठीत चढ वेगळा आणि चढाई वेगळी, आणि मला मराठी अधिक बरोबर वाटते. चढावर हल्ला करायचा नसतो. दम लागला तर खाली उतरावे, सायकल ढकलावी, पाणी प्यावे, पुन्हा बसावे. आपल्या बहुतेक मुलांच्या सायकलींना गिअर नाहीत, त्यामुळे हे करावेच लागेल. त्यात कमीपणा काही नाही.

गणिताच्या शिक्षकांनाही ही फेरी उपयोगी पडेल. निघाल्या ठिकाणी परत आलो की जेवढे चढलो तेवढेच उतरलेलो असतो, मग हिशेब बरोबरीत सुटायला हवा. पण तसे होत नाही. दहा किलोमीटर चढ ताशी ८ किलोमीटरने चढला तर ७५ मिनिटे लागतात. तोच रस्ता ताशी २४ ने उतरला तर २५ मिनिटे. सरासरी १६ येईल असे मुले पटकन सांगतील, पण २० किलोमीटरला १०० मिनिटे, म्हणजे ताशी १२ च. चढात घालवलेला वेळ उतार परत देत नाही. वहीत सोडवलेले हे उदाहरण मुले विसरतील, पायांनी सोडवलेले विसरणार नाहीत.

खरा मुद्दा मात्र याहून मोठा आहे. आपण मराठी माणसे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, पण आपला वावर पैनगंगेकाठची काळी जमीन आणि शहरातला बाजार एवढ्यातच फिरतो. वर डोंगरात राहणारे गोंड आणि कोलाम आपले शेजारी आहेत, आणि शेजाऱ्याचे घर आपण फक्त जत्रेत पाहतो. केसलापूरच्या नागोबाच्या अभिषेकासाठी मेस्राम कुळातील लोक दरवर्षी डोंगर पार करून अनवाणी गोदावरीपर्यंत जातात आणि पाणी घेऊन पायीच परततात. वारी जाणणाऱ्या आपल्या समाजाला ही परिक्रमा परकी वाटू नये. इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळीबारात आदिवासी मारले गेले. त्यांच्या स्मारकाजवळ मुलांनी सायकलवरून उतरून दोन मिनिटे उभे राहावे. उटनूरच्या पुढे, जैनूरजवळच्या मारलवाईत १९४३ साली हायमेनडॉर्फ यांच्या योजनेतून गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. तिथली क्रमिक पुस्तके गोंडी भाषेत होती, पण लिपी देवनागरी होती. आपली बाराखडी त्या डोंगरात ऐंशी वर्षांपूर्वी पोचली आहे. आपली मुले अजून पोचायची आहेत. यातली बरीचशी दहावीनंतर नागपूर-हैदराबादला जातील. त्याआधी त्यांना आपला मुलूख ठाऊक असावा.

पालकांची काळजी मी समजू शकतो. आपला राष्ट्रीय महामार्ग ४४ मुलांच्या सायकलींसाठी नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून गुडीहत्नूरपर्यंत मुले आणि सायकली वाहनानेच न्याव्यात. उटनूर-खानापूरचा जंगलाचा टप्पाही मुलांसाठी नको, कारण कवाल हे २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. फेरी डिसेंबरात काढावी, धुके विरल्यावर निघावे, जत्रेचे दिवस टाळावेत. हेल्मेट सक्तीचे असावे. आदल्या दिवशी प्रत्येक सायकलचे ब्रेक, हवा आणि साखळी शिक्षकांनी तपासावी. उतारावर दोन सायकलींत पुरेसे अंतर ठेवावे आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरावे. मागे एक गाडी, पंक्चरचे सामान आणि प्रथमोपचार पेटी असावी. एवढी तयारी झाली नाही, तर फेरी रद्द करावी.

“मुलींना कशाला?” हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच उत्तर देतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सायकलवर निघाली आणि १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर पार करून तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपण आपल्या मुलींसाठी केसलापूरपर्यंतची परवानगी मागतो आहोत. मुली नसतील तर ही फेरी शाळेची म्हणता येणार नाही.

विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे की येत्या बैठकीत या विषयावर निर्णय घ्यावा. मागची गाडी आणि हेल्मेट यांचा खर्च शाळेने उचलावा, म्हणजे पैशावाचून कोणी मागे राहणार नाही. पालकांपैकी ज्यांना सायकल येते त्यांनी सोबत यावे. मोठ्यांनी पुढेमागे पूर्ण कडे करायचे ठरवले, तर सरावाला निर्मलच्या बाजूचा महबूब घाट आहेच.

विद्यार्थ्यांनो, परवानगी मिळेपर्यंत सायकलची साखळी पुसून तेल घालून ठेवा.

आपला,
मुख्याध्यापक