तराजू एकच हवा!



निवडणूक जाहीर झाली की भिशीतल्या आणि जिन्यातल्या गप्पांचा रंगच पालटतो. कोणी काय वाटलं, कोण कुणाबद्दल काय बोललं, हाच विषय. बोलावं, जरूर बोलावं. पण एक पाहिलंत का? विरुद्ध पक्षानं साड्या वाटल्या की ती लाच; आपल्या पक्षानं वाटल्या की ती भाऊबीज! त्यांनी कंडी पिकवली तर कावेबाजपणा, आपल्यांनी पिकवली तर हुशारी. भाजीवाल्याचा काटा जरा झुकला तर आपण त्याला सोडत नाही. मग इथंच दोन मापं का?

कायद्याचं माप एकच आहे. मतासाठी पैसे किंवा वस्तू देणं हा गुन्हा आणि घेणं हाही गुन्हाच. "घेतलं म्हणून काय झालं, मत मनासारखंच देणार," असं पुष्कळजणी म्हणतात. पण आपल्या कपाटातल्या साडीबद्दल गप्प राहून शेजारणीच्या साडीकडे बोट कसं दाखवायचं?

दुसरी गोष्ट, तिखटमीठ लावण्याची. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली. मतदारांचा घोटाळा झाला असावा, ही शंका रास्त आहे. पण "अमक्यानंच त्याला उभा केला," असं पुराव्याशिवाय म्हणणं रास्त नाही. नामसाधर्म्य हा गुन्हा नव्हे. असा गोंधळ टळावा म्हणून निवडणूक आयोगानं २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायला सुरुवात केली. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा, नाव, चिन्ह आणि फोटो, तिन्ही पाहूनच बटण दाबा.

तिसरी गोष्ट धाकाची. "कुणाला मत दिलंत ते आम्हाला कळतं," असं सांगत कोणी दारी आलं तर घाबरू नका. मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे नंतर कळतं. पण तुमचं मत कुणाला, हे कळत नाही. मतदानाची चिठ्ठी काचेआड सात सेकंद फक्त तुम्हाला दिसते आणि पेटीत पडते. हेही अर्धवट सांगू नका. "काहीच कळत नाही" असं म्हणाल, तर आकडे बाहेर आल्यावर तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून मोबाईलवर आलेला मजकूर पुढे धाडण्याआधी मनाला तीन प्रश्न विचारा. हे मी स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं? यातलं माहीत किती आणि अंदाज किती? हेच माझ्या आवडत्या उमेदवाराबद्दल असतं, तर मी पुढे धाडलं असतं का?

आणि डोळ्यांदेखत वाटप दिसलं तर नुसती कुजबुज नको. आयोगाचं 'सी-व्हिजिल' हे ॲप २०१८ पासून आहे. आचारसंहितेच्या काळात त्यावर फोटो धाडता येतो, नाव न देताही. मात्र वाटणारा आपल्या पक्षाचा असला तरी धाडायचा हं! खरी परीक्षा तिथंच आहे.

घरातली मुलं आपल्या गप्पा ऐकत असतात. आपल्या माणसाच्या चुकीलाही आई चूकच म्हणते, हे त्यांच्या कानावर पडू द्या.