टॅपेटचा आवाज

गाडीचे टॅपेट वाजू लागले की आपण म्हणतो, "मिस्त्री, तेवढा आवाज बंद करा." माझ्या मते ही मागणीच चुकीची आहे. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात फट मुद्दामच ठेवलेली असते. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, त्याला तेवढी जागा लागते. फट वाढली तर गाडी खडखडते. नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि मुकाट्याने जळतो.

आमच्या स्प्लेंडरवर हे काम घरी होते. इंजिन थंड असावे. फ्लायव्हीलवरची 'टी' खूण जुळवावी. दोन्ही टॅपेट किंचित हलले पाहिजेत. नाही तर आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. पुस्तिकेत दिलेल्या जाडीचे फीलर गेजचे पाते जरासे अडत सरकेल एवढी फट ठेवून लॉकनट आवळावा आणि पुन्हा मोजावे. आवळताना स्क्रू फिरतो.

आमच्या घरात पुस्तिका वाचणारा मीच पहिला. वडील दूध घालतात. गाडी अडली की दूध नासते. "बी.ए. शिकून हात काळे कशाला?" असे लोक विचारतात. त्यांना माझे उत्तर एवढेच, की कानाला बरे वाटते ते बरोबर आहे का, हे मोजून पाहावे लागते. कॉलेजात आपण दुसरे काय शिकतो?