लेस शिका आणि तासही मोजा

बहिणींनो, कापूस वेचून झाला आणि लग्नसराई तोंडावर आली, की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात रुखवताची लगबग सुरू होते. क्रोशाचं तोरण, रुमाल, अभ्र्याची लेस विणणारी एखादी तरी बाई ओळखीत असतेच. या उन्हाळ्यात तिला मान देऊन बोलवा आणि बचत गटातल्या सात-आठ जणी मिळून तिच्याकडून लेस शिका. मोबाइलवर पाहून टाका कळतो. पण करंगळीवरून घेतलेला दोरा किती ताणायचा, हे शेजारी बसलेली बाईच हात धरून दाखवते.

सुरुवात उशीच्या अभ्र्यापासून करा. दोन बोटं रुंदीची लेस पुरे. दोरा जाड आणि सुई मोठी घ्या, म्हणजे साखळी, मुका खांब आणि खांब नजरेला वेगळे दिसतील. सुती कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर ते मागाहून आटतं आणि लेस सैल पडते. लेसेला झालरीसारख्या लाटा आल्या तर टाके जास्त झाले, कापड आत ओढलं गेलं तर कमी पडले. कोपऱ्यावर एकाच घरात जास्तीचे खांब घाला, तरच तो सपाट बसतो. चुकलं तर तिथेच उसवा. दोरा पुन्हा वापरता येतो.

हात बसला की विकायचा विचार येईल, आणि यायलाच हवा. त्याआधी आंध्रातल्या नरसापूरची गोष्ट ऐका. तिथल्या बायकांची क्रोशाची लेस परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिलं. बायका रोज तासन्‌तास विणत होत्या, तरी ते ‘फावल्या वेळचं काम’ मानलं गेलं. मजुरी नाममात्र मिळाली, नफा व्यापाऱ्यांनी नेला.

आपल्याकडे हे होऊ देऊ नका. एक वीत लेस घड्याळ लावून विणा. लागलेला वेळ आणि दोऱ्याचा खर्च वहीत लिहा. शेतात निंदणाला गेलात तर रोज मागताच ना? तसाच या तासांचा हिशेब धरून भाव ठरवा, आणि गटातल्या सगळ्यांनी तोच सांगा. एकीने भाव पाडला तर सगळ्यांचा पडतो. नात्यातल्या लग्नाला लेस आहेर म्हणून जरूर द्या. पण विकायची असेल, तर मजुरी धरल्याशिवाय देऊ नका.