नख लपवू नका, दाखवा

रविवारी वंदनेसाठी विहारात चपला काढून बसलो की काही भगिनी पावले पदराखाली ओढून घेताना आम्ही पाहतो. विचारले तर हळूच सांगतात, "अंगठ्याचे नख सडल्यासारखे झाले आहे हो, चारचौघांत लाज वाटते."

नख पिवळे पडते, जाड होते, कडेने त्याचा भुगा पडतो. ही बहुधा बुरशी असते आणि तिला ओलावा मानवतो. दिवसभर गमबुटात पाय कोंडून राबणारा सफाई कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी आपली माउली यांना ती कामातूनच लागते. हा कोणाचा कोप नाही की पूर्वजन्मीचे पाप नाही. मग लाज कशाची?

मात्र प्रत्येक खराब नख बुरशीचे नसते. ठेच लागून किंवा सोरायसिसनेही नख असेच दिसते. बुरशीच्याही जाती आहेत, त्यांवरची औषधे वेगळी. म्हणून सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नखाचा तुकडा आधी तपासून घ्यावा.

नेहमीच्या बुरशीवर टर्बिनाफाईनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक देतात. हाताच्या नखांसाठी ६ आठवडे, पायाच्या नखांसाठी १२ आठवडे. त्याआधी यकृताची रक्ततपासणी करावी. गरोदरपण, अंगावर पाजणे, चालू असलेली इतर औषधे हे सारे डॉक्टरांना सांगावे. केटोकोनॅझोलची गोळी मात्र नखांसाठी घेऊ नये. तिच्याने यकृताला इजा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली तसा इशारा दिला आहे. दुकानदाराने दिलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, पण बुरशी बळावते. नखावर ॲसिड ओतणे, ब्लेडने खरवडणे हे तर मुळीच नको.

गोळ्या संपल्या तरी नख लगेच सुंदर दिसत नाही. पायाचे नख पुरते नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. धीर धरावा, औषध मध्येच सोडू नये.

कामावरून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. मोजे रोज धुवावेत, गमबूट आतून वाळवावेत. चिखल्या असतील तर त्यांवरही उपचार घ्यावेत, नाहीतर बुरशी परत नखात शिरते. नेलकटर प्रत्येकाचे वेगळे असावे. मधुमेह असलेल्यांनी बोट लाल झाले वा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. नखाच्या दुखण्यालाही तोच मार्ग लावू या. येत्या रविवारी पाय लपवू नका; सोमवारी डॉक्टरांना दाखवा.